पेसमेकरचे ठोके बरोबर, मग पायऱ्या चढताना धाप का?

जुना मेकॅनिक (हरिपूर, सांगली), ८ जून

मंडळी, रामराम. वय ६६. एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं इंजिनं उघडली आणि बसवली, हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. पण न कळलेलं विचारल्याशिवाय झोप लागत नाही, म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

२०२१ च्या जुलैत कृष्णेला पूर आला, तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर चिखल ओढत होतो आणि फावडं हातात असतानाच खाली बसलो. बसलो कसला, पडलोच. पोरानं दवाखान्यात नेलं तर नाडी ३४. ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले, कम्प्लीट हार्ट ब्लॉक. वरचे कप्पे ऐंशीच्या चालीनं चाललेत, खालचे चौतीसच्या, आणि दोघांचा एकमेकांना पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला. दोन तारांचा, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. आठव्या दिवशी मी अंगणात होतो.

दोन-अडीच वर्षं काही म्हणजे काही त्रास नव्हता. गेल्या वर्षापासून मात्र रोज संध्याकाळी संगमेश्वराला जातो तिथल्या पायऱ्यांवर मध्येच थांबायला लागलो. मी म्हणायचो वय झालं. सौ. म्हणायची, "वय एका वर्षात इतकं होत नसतं, मोज्याचे वळ बघा." खरंच, संध्याकाळी मोजा काढला की घोट्यावर खोल वळ राहायचा. रात्री दोन उशा लागायला लागल्या.

तपासणीला गेलो. पेसमेकरवाल्यानं छातीवर ते यंत्र ठेवून सगळं वाचलं. बॅटरी उत्तम, तारा उत्तम, खालच्या कप्प्यात ९९ टक्के पेसिंग, म्हणजे शंभरातले ९९ ठोके यंत्रच देतं. ईसीजीवर क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत वीज पसरायला लागणारा वेळ) १७० मिलिसेकंद. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर ईएफ (डावा खालचा कप्पा आतलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर ढकलतो तो आकडा) ४०. चार वर्षांपूर्वी हाच आकडा ६० होता. शिवाय डाव्या बाजूच्या झडपेतून मध्यम गळती. ब्लॉकेज असेल म्हणून अँजिओग्राफी केली, ती स्वच्छ निघाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "काका, पेसमेकरच्या ठोक्यांमुळेच हृदय दमलंय. गोळ्या चालू करू, पण तारेची जागा बदलावी लागेल." बाहेर ४० जण बसलेले, त्यांना तरी किती विचारणार.

आता माझं डोकं कुठं अडलंय ते सांगतो. कार्यशाळेत अशी गाडी यायची की ड्रायव्हर म्हणायचा, उभी असताना झकास चालते, आरपीएम बरोबर, पण आंबा घाटात ओढत नाही, काळा धूर सोडते. अशा वेळी आरपीएम बघायचाच नसतो. पंपाचं टायमिंग बघायचं. सहा सिलिंडरच्या इंजिनात १-५-३-६-२-४ हा क्रम आणि डिझेल पडायची वेळ जुळली नाही, तर फेरे तेवढेच होतात आणि काम होत नाही.

तसं काही हृदयात असतं का? नाडी तर ७२ लागते, एकही ठोका चुकत नाही. मग रक्त कमी का पडतं? आणि टायमिंग सुधारलं तर दमलेलं हृदय पुन्हा उभं राहतं, की सिलिंडरचा बोअर झिजला तो झिजलाच?

सासऱ्यांचा जावई (ठाणे), ८ जून

काका, उगाच घाबरू नका. आमच्या सासऱ्यांना पेसमेकर बसून १४ वर्षं झाली. मधे एकदा बॅटरी संपली म्हणून डबी बदलली, तार तीच जुनी. ईएफ आजही ५५. ८१ व्या वर्षी भाजी आणायला स्वतः जातात आणि भाजीवाल्याशी भांडूनही येतात. पेसमेकरमुळे हृदय कमजोर होतं वगैरे मला तरी पटत नाही. बहुतेक तुमचा रेट कमी ठेवलाय. साठावर असेल तर पंच्याहत्तर-ऐंशी करून घ्या, दोन मिनिटांचं काम, कापाकापी नाही. ठोके वाढले की रक्त वाढणारच.

इको रूम (पुणे), ९ जून

काका, नमस्कार. मी इको टेक्निशियन आहे, १८ वर्षं रोज हृदयंच बघते. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, पण तुमचा टायमिंगचा प्रश्न इतका नेमका आहे की राहवलं नाही.

आमच्याकडे पेशंट डाव्या कुशीवर वळतो, मी जेल लावून प्रोब टेकवते, आणि फाईल न उघडता, खांद्याखालचा व्रण न बघताही बऱ्याचदा मला कळतं की याला पेसमेकर आहे. दोन कप्प्यांमधला पडदा वेळेच्या आधीच एक झटका देतो. डोळा मिचकावल्यासारखा. मग क्षणभर काहीच नाही. आणि त्यानंतर समोरची भिंत सावकाश आत येते, तोवर पडदा सैल पडून उलट बाजूला ढकलला जातो. निरोगी हृदयात दोन्ही बाजू एकदम आत येतात, मूठ आवळल्यासारख्या. चादर पिळताना एकानं पीळ द्यायला सुरुवात केली आणि दुसऱ्यानं टोक अजून धरलंच नाही, तर पाणी किती निघेल? घाम मात्र दोघांनाही तेवढाच येतो.

हे का होतं? वरच्या कप्प्यांतून आलेली वीज मधल्या गाठीत क्षणभर थांबते, म्हणजे वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओतून मोकळे होतात. मग ती खास वाहिन्यांमधून खाली उतरते. त्या वाहिन्यांच्या शेवटच्या जाळ्यात, पुरकिंजे तंतूंमध्ये, तिचा वेग सेकंदाला २ ते ४ मीटर असतो, म्हणून दोन्ही खालचे कप्पे ८० ते १०० मिलिसेकंदांत सगळीकडून पेटतात. तुमची तार उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाशी, नुसत्या स्नायूत बसवलेली असणार. वर्षानुवर्षं तीच पद्धत होती. तिथून निघालेली वीज एका स्नायूपेशीतून दुसऱ्या पेशीत, सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास सरकते. तुमच्या एसटीच्या भाषेत, विनाथांबा गाडी सोडून प्रत्येक फाट्याला हात दाखवला की थांबणारी पकडली. सांगलीहून निघाली आणि पोहोचलीही, पण कधी? तुमचे १७० मिलिसेकंद म्हणजे हा उशीर.

आणि तो सगळा उशीर डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीच्या वाट्याला येतो. पडदा लवकर आकुंचन पावतो, तेव्हा आत दाबच नसतो, त्यामुळे त्याचं काम हलकं. बाहेरची भिंत आधीच ताणली गेलेली असते आणि पूर्ण दाबाविरुद्ध ढकलते, म्हणून तिचं काम जड. जिथं काम कमी तिथं हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतूनही रक्त कमी जातं. म्हणून तर पेसिंगवर असलेल्यांच्या थॅलियम स्कॅनमध्ये (स्नायूला कुठं किती रक्त पोहोचतं ते दाखवणारी तपासणी) कधी कधी पडद्याकडे रक्त कमी दिसतं आणि अँजिओग्राफी मात्र तुमच्यासारखी स्वच्छ येते. जास्त काम करणारी भिंत हळूहळू जाड होते, कप्पा पसरतो, ईएफ खाली येतो. झडपेचे दोर ज्या स्नायूंना बांधलेले असतात तेही एका वेळी ओढत नाहीत, त्यामुळे झडप नीट मिटत नाही. तुमची गळती त्यातलीच असू शकते. म्हणजे एवढ्या कष्टानं ढकललेलं रक्त थोडं मागेच जातं.

आता हिशेब. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन आकडे शोधा, एलव्हीओटी व्यास आणि व्हीटीआय. पहिला म्हणजे हृदयातून बाहेर पडणाऱ्या नळीचा व्यास. दुसरा म्हणजे एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ त्या नळीतून किती सेंटिमीटर पुढे सरकला ते. क्षेत्रफळ गुणिले लांबी, की एका ठोक्याचं रक्त मिळालं. ते तुम्ही माझ्यापेक्षा लवकर काढाल.

जावईबापूंना एकच सांगते, तुमचे सासरे अपवाद नाहीत, बहुतेकांचं तसंच असतं. दहांतल्या एक-दोघांचं हृदय असं दमतं. कोणाचं दमणार हे आधी नक्की सांगता येत नाही, पण खालच्या कप्प्यात पेसिंगचं प्रमाण जास्त आणि पेसिंगचा क्यूआरएस १५० च्या वर असला की शंका जास्त घ्यायची. काकांचं दोन्ही जुळतंय. आणि रेट वाढवण्याबद्दल म्हणाल तर काकांचे वरचे कप्पे स्वतःच ७२ नी चाललेत, खालची तार नुसती त्यांच्यामागून जाते. तो ऐंशी केला तर तोच वाकडा ठोका मिनिटाला आठ वेळा जास्त पडेल. वर आणखी एक अडचण आहे. ठोके वाढले की कमी होतो तो विश्रांतीचा वेळ. साठला एक फेरा १००० मिलिसेकंदांचा असतो, नव्वदला साधारण ६६७. आकुंचनाला लागणारा वेळ त्या मानानं फारसा घटत नाही, आणि असं वेडंवाकडं आकुंचन तर जास्तच लांबतं. कप्पा भरतो तो विश्रांतीत. डाव्या बाजूच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळतं तेही मुख्यतः विश्रांतीतच. दमलेल्या बैलाला चाबूक मारण्यातला प्रकार आहे हा. ज्यांचा प्रश्न खरोखर कमी रेटचाच आहे त्यांना वाढवून बरं वाटतं, नाही असं नाही, पण ते सेटिंग बघणाऱ्यानं ठरवायचं.

गोदाकाठ (नाशिक), ९ जून

इको रूम ताईंनी वरचे कप्पे आधी रिकामे होतात ते सांगितलं, त्यावरून आईचं आठवलं. काकांपेक्षा वेगळी केस आहे, पण वाचणाऱ्या कुणाला उपयोग होईल.

आईला २०१६ मध्ये एका तारेचा पेसमेकर बसवला, तार फक्त खालच्या कप्प्यात. तिच्या वरच्या कप्प्यातली ठोके सुरू करणारी गाठ मधूनच थांबायची, त्यामुळे चक्कर यायची. चक्कर गेली आणि दुसरंच सुरू झालं. म्हणायची, "मानेत कबुतर फडफडतंय गं." स्वयंपाक करता करता ओट्याला धरून उभी राहायची. आम्ही दोन-तीन ठिकाणी दाखवलं, सगळीकडे एकच उत्तर, मशीन नीट चाललंय, वय झालंय, काळजी करू नका. एकानं तर झोपेची गोळी दिली.

शेवटी पेसमेकर तपासायला आलेल्या एका मुलानं (पंचविशीचा असेल, कपाळाला गंध) एक साधी गोष्ट केली. आईच्या दंडाला बीपीचा पट्टा लावला आणि पेसमेकरचा रेट कमी करून तिचे स्वतःचे ठोके येऊ दिले. बीपी १३८. मग रेट वाढवून पेसिंग सुरू केलं. बीपी १०६. आणि आई लगेच म्हणाली, "आलं बघ कबुतर." तो मुलगा हसला नाही, डॉक्टरांना बोलवायला गेला.

झालं होतं असं की खालच्या कप्प्यातून निघालेली वीज उलटी वर जायची आणि वरचा कप्पा नेमका मधली झडप बंद असताना आवळायचा. पुढं जायला वाट नाही, म्हणून रक्ताची लाट मागं मानेच्या शिरेत. तेच कबुतर. डॉक्टरांनी सांगितलं, वरचा कप्पा जो शेवटचा धक्का देतो त्यानं खालच्या कप्प्यात १५ ते ३० टक्के रक्त जादा भरतं, आणि म्हातारपणी हृदय ताठ झालं की त्या धक्क्यावरच जास्त भिस्त असते. वरच्या कप्प्यात दुसरी तार टाकली. तिची वरून खाली वीज नेणारी मधली वाट शाबूत होती, त्यामुळे आता वर पेसिंग होतं आणि खाली तिचा स्वतःचाच ठोका उतरतो. कबुतर त्याच रात्री उडालं. पुरणपोळ्या करते अजून.

जुना मेकॅनिक, ९ जून

ताई, रिपोर्ट काढून बसलो. व्यास २.० सेंमी, व्हीटीआय १५ सेंमी. आम्ही बोअरचं क्षेत्रफळ व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ असं काढायचो. म्हणजे ३.१४. गुणिले १५, एका ठोक्याला ४७ मिली. गुणिले ७२, मिनिटाला साडेतीन लिटरला थोडं कमी. नातीच्या पुस्तकात साधारण पाच लिटर लिहिलंय. म्हणजे दीड लिटरचा तुटवडा, आणि तोही नुसता बसून असताना. पायऱ्यांवर का थांबतो ते आता कागदावर दिसलं.

चादरीचं सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला हेच दोन महिने कळत होतं, फक्त सेंटिमीटरमध्ये सांगता येत नव्हतं."

एक प्रश्न उरतो. हे सगळं माहीत होतं, तर तार पहिल्यांदाच योग्य जागी का नाही बसवत? आणि झिजलेल्या बोअरचं कुणीच बोललं नाही.

निवृत्त शरीरक्रिया (बेळगाव), ११ जून

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. तुमच्या 'का नाही बसवत' चं उत्तर थोडं इतिहासात आहे.

वाकड्या वाटेनं आलेला ठोका अशक्त असतो हे १९२५ मध्येच कार्ल विगर्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं कुत्र्यांच्या हृदयावर दाखवलं होतं. पृष्ठभागावरून विजेनं चेतवलेला कप्पा सावकाश दाब धरतो आणि कमी जोर लावतो. पण तेव्हा पेसमेकरच नव्हता. शरीरात बसवायचा पहिला पेसमेकर ऑक्टोबर १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना बसवला, शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट. तो पहिला काही तासांतच बंद पडला. अशा काळात रुग्ण जिवंत राहतो का हाच प्रश्न होता, ठोका सुबक आहे का हा नव्हे. लार्सन मात्र दोन डझनांहून अधिक पेसमेकर बदलत ८६ वर्षं जगले. उजव्या कप्प्याच्या टोकाला तार सहज जाते, घट्ट बसते, सुटत नाही. सोय होती म्हणून जागा ठरली आणि मग तीच पद्धत झाली.

डोळे उघडले ते २००२ च्या डेव्हिड नावाच्या चाचणीनं. त्यातले रुग्ण आधीच कमजोर हृदयाचे, पण पेसिंगची खरी गरज नसलेले. एका गटात यंत्र ४० वर ठेवलं, म्हणजे ते बहुतेक वेळ गप्प. दुसऱ्यात दोन्ही तारा ७० वर चालू. सगळ्यांना वाटलं होतं दुसरा गट सुधारेल. झालं उलटं, दुसऱ्या गटात मृत्यू आणि हृदय थकून दाखल होणं जास्त, चाचणी मध्येच थांबवावी लागली. कारण दुसऱ्या गटात खालच्या कप्प्याला विनाकारण ठोके मिळत होते. तेव्हापासून गरज नसेल तर खालच्या तारेनं गप्प बसावं अशी सेटिंग आली. तुम्हाला मात्र ती सोय नाही. तुमची मधली वाटच तुटली आहे, तुम्हाला शंभरातले ९९ ठोके द्यावेच लागतात. अशांसाठी २०१३ ची ब्लॉक एचएफ चाचणी आहे. मधली वाट तुटलेले, ईएफ ५० किंवा त्याखाली. त्यांत फक्त उजवीकडून ठोके देण्यापेक्षा दोन्ही खालच्या कप्प्यांना एकदम दिलेले बरे ठरले. पण बसवलं तेव्हा तुमचा ईएफ ६० होता, म्हणजे तुम्ही त्या चौकटीत नव्हता. बसवणाऱ्यानं चूक केली असं मी म्हणणार नाही.

विजेच्या मूळ वाहिनीतच तार रोवायची कल्पनाही जुनी नाही. २००० मध्ये अमेरिकेत प्रमोद देशमुख आणि सहकाऱ्यांनी हिसच्या जुडग्यात, म्हणजे मधल्या गाठीतून खाली उतरणाऱ्या वाहिनीच्या सुरुवातीलाच, कायमची तार बसवून दाखवली. आडनावामुळे आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी चहा झाला, ते वेगळं. ते जुडगं बारीक, तार टिकवणं कठीण, करंटही कधी कधी जास्त लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. मग २०१७ मध्ये चीनमधल्या हुआंग वेइजियान यांनी तार उजव्या बाजूनं पडद्यात स्क्रूसारखी खोल फिरवत त्या वाहिनीच्या डाव्या शाखेपर्यंत नेली. तुमचे डॉक्टर जागा बदलायची म्हणतात ती बहुधा हीच. पर्याय म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या शिरेतून डाव्या भिंतीवर तिसरी तार.

राहिला बोअर. हृदयाचा स्नायू लोखंड नाही. अँजिओग्राफी स्वच्छ, जुना झटका नाही, बिघाड फक्त वाटेचा, अशा हृदयात वाट सुधारल्यावर कप्पा आकसून परत जोर धरतो असं पुष्कळदा दिसतं. सगळ्यांत नाही, आणि किती ते आधी सांगता येत नाही. उशीर न करणं एवढं आपल्या हातात. मात्र विचारून घ्या, जुन्या तारांमुळे शीर अरुंद झाली आहे का, आणि पेसमेकर ठेवलेला कातडीखालचा खिसा दुसऱ्यांदा उघडल्यावर जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, त्याची काळजी कशी घेणार.

सासऱ्यांचा जावई, ११ जून

रेटबद्दलचं मागे घेतो. सासऱ्यांची फाईल काढून बघितली, त्यांचं खालचं पेसिंग फक्त ६ टक्के आहे. म्हणजे मशीन मुख्यतः पहाऱ्याला बसलंय.

जुना मेकॅनिक, ३ डिसेंबर

मंडळी, राहिलेला हिशेब द्यायला आलोय.

ऑगस्टमध्ये तारेचं काम झालं. त्याआधी दोन महिने गोळ्या, त्यानं पायाची सूज गेली, उशी एकावर आली, पण पायऱ्यांचं दुखणं तसंच. बेळगावच्या सरांनी सांगितलेले दोन्ही प्रश्न डॉक्टरांना विचारले. शिरेचा रंग टाकून फोटो काढला, थोडी अरुंद होती, पण तार जाईल एवढी जागा होती.

भूल फक्त खांद्यापुरती, त्यामुळे मी जागाच. तोंडावर हिरवं कापड, पण बाजूनं मॉनिटरचा कोपरा दिसत होता. डॉक्टर तार फिरवायचे, थांबायचे, दोन ठोके द्यायचे, ईसीजीचा आकार बघायचे, परत फिरवायचे. स्टड बसवताना आपण अर्धा फेरा, थांब, पाव फेरा असं करतो, अगदी तसंच. जास्त फिरवली तर हृदयातल्या पडद्याच्या पलीकडं निघेल, कमी पडली तर शाखा सापडणार नाही. पहिल्या दोन जागा त्यांना पटल्या नाहीत, तार काढून परत रोवली. तिसऱ्या वेळी कुणीतरी "आला" म्हणालं. मी मान वळवली तर तो रुंद, डोंगरासारखा ठोका बारीक झाला होता. मी विचारलं, "टायमिंग बसलं का?" डॉक्टर म्हणाले, "काका, हलू नका."

जुनी तार काढली नाही. ओढून काढण्यात धोका, म्हणून टोक बंद करून आतच ठेवली. क्यूआरएस १७० चा ११८ झाला. डावा हात सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, त्यात सदरा घालताना सौ.नं जेवढं ऐकवलं तेवढं ३१ वर्षांत डेपो मॅनेजरनं ऐकवलं नव्हतं.

लगेच जादू झाली असं नाही. पहिला महिना फरकच कळेना, मला तर वाटलं खर्च पाण्यात. दसऱ्याच्या सुमारास लक्षात आलं की देवळात मी कठड्याला न टेकता पोहोचतोय. मागच्या आठवड्यात इको झाला. ईएफ ५०. झडपेची गळती आता किरकोळ लिहिलीय. व्हीटीआय साडेएकोणीस, म्हणजे ठोक्याला ६१ मिली, नाडी ७०, मिनिटाला सव्वाचार लिटरच्या वर. साठ होतं तिथं अजून आलं नाही. डॉक्टर म्हणतात वर्षभर बघू, गोळ्या चालूच. पायऱ्या एका दमात चढतो, नातीला कडेवर घेतली तर एकदा थांबतो.

इको काढणारी मुलगी मॉनिटरकडं बघत होती तेव्हा मी विचारलं, "तो पडदा डोळा मिचकावतोय का अजून?" ती चपापली. म्हणाली, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आता एक शेवटचं. घरी आर्क वेल्डिंगचं मशीन आहे, गेटं-बिटं जोडायचो. ते चालवू का? पहिल्या वेळेस कुणाला विचारलंच नव्हतं, चार वर्षं अधूनमधून चालवलं.

इको रूम, ३ डिसेंबर

काका!! व्हीटीआय वाचून खोलीत एकटीच हसले. पण वेल्डिंगचं वाचून हसू गेलं. वेल्डिंगच्या विजेचा गोंधळ पेसमेकरला कधी कधी हृदयाचा ठोका वाटू शकतो. त्याला वाटतं हृदय स्वतः चाललंय, आणि तो ठोका द्यायचा थांबतो. ज्याचं पेसिंग ५ टक्के आहे त्याला कळणारही नाही, तुमचं ९९ आहे. मशीनवर लिहिलेले अँपिअर आणि पेसमेकरचं ओळखपत्र घेऊन आधी पेसमेकर क्लिनिकमध्ये दाखवा, ते कंपनीची मर्यादा आणि अंतर सांगतील. तोवर हात लावू नका.

जुना मेकॅनिक, ४ डिसेंबर

क्लिनिकची तारीख पंधरा दिवसांनी मिळालीय. तोवर मशीन पुतण्याकडं दिलं. तो शेजारच्या आवारात गेट जोडतो, मी रस्त्याच्या अलीकडं खुर्ची टाकून बसतो आणि तिथूनच शिव्या देतो. टाका फार जाड मारतो पोरगा.